इटलीच्या पोलिसाले पाजलेली कॉफी

— अक्षर न् अक्षर खरं आहे जी! या हातमागावर हात ठेवून सांगतो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं असतं, पण ती ड्युटीवर गेली — अन् घरी असती तरी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कायले शपथ घ्यावी माणसानं? माग चांगला. मागाले काही होत नाही. तं मी इटलीले गेलो, तिथे कॉफी प्यालो, पोलीस आला, पोलिसाले कॉफी पाजली, पोलीस झोपला. यात एक शब्द खोटा निघाला तं आंधळगावात तोंड दाखवणार नाही. आता झोपला म्हणजे अगदी घोरत पडला असं नाही. पेंगला. पेंगला म्हणजे डोळे मिटले. डोळे तं कोणाचेबी मिटतेत, तोंडावर ऊन आलं तरी मिटतेत — असं करा, तुमी पहिले बसा. दारात उभं राहून कोणाची गोठ ऐकू नये, अर्धी बाहेर सांडते.

हा शेला मी घडी करून ठेवतो. तुमाले तो घ्याचा नाही. — नाही नाही, रागावून नाही राहिलो. पण कोश्याच्या रेशमाचं गिऱ्हाईक आम्ही बापजाद्यापासून पाहून राहिलो. खरं गिऱ्हाईक पहिले कापड नाकाले लावते, मंग म्हणते, काठाचा एक धागा जाळून दाखवा. जळल्या केसासारखा वास आला तं कोसा, नाही तं फसवणूक. माणूस संशयी पाहिजे, पण कापडाचा. तुमी कापडाकडे पाहिलंच कुठे? तुमी पाहून राहिले छताकडे, फ्रीजकडे, आतल्या पडद्याकडे. भाव विचारला, अन् माझं उत्तर यायच्या आधी विचारलं, घरी कोण कोण असते म्हणून. शेल्याले घरच्या माणसाइचं काय कराचं आहे, सांगा बरं? अन् सकाळपासून तुमची गाडी पानठेल्यासमोर उभी. तिथून तुमी गिरणीवर गेले. गिरणीवाला दळण तसंच टाकून पळत आला — टेकचंदभाऊ, जवाहरनगरचा माणूस गावात फिरून राहिला, तुमचंच विचारून राहिला! त्याले जवाहरनगर कसं कळलं म्हणता? खिशातून तिथल्या फॅक्टरीच्या गेटपासची दोरी लोंबून राहिली ना जी तुमच्या! हेरगिरीले निघाचं अन् गळ्यातली फॅक्टरी घरी ठेवाची नाही?

म्हणजे आमच्या पोरीले, स्वातीले, जे स्थळ आलं त्या पोराचे तुमी मामा. लाजू नका. ही रीतच आहे, पोरीच्या बापाची चौकशी कराले पोराचा बाप येत नाही, मामा येते, अन् मामा कधी मामा म्हणून येत नाही. मीबी आमच्या भाचीच्या वेळेस असाच एका गावाले गेलो होतो, बैल पाहाचा आहे म्हणून. बैलाचे दात पाहता पाहता पोराच्या बापाची दारू पाहून आलो. तं मामाजी, आता तुमी उघडे, मी उघडा. बसा मोकळे होऊन. अन् ती कॉफी घ्या, थंडी होऊन राहिली.

घ्या ना. — का जी? — नुसता कप कायले उचलता न् ठेवता? अच्छा. अच्छा अच्छा. आता समजलं. पूर्ण भंडारा जिल्ह्यात कॉफीले भेणारा माणूस भेटला मले, म्हणजे त्यानं माझी इटलीची गोठ ऐकलेली आहे, अन् चांगली फुगलेली ऐकलेली आहे. काय सांगतलं तुमाले? आंधळगावचा टेकचंद कॉफीत काहीतरी किसते अन् माणूस आडवा होते, हेच ना? हे पाहा — हे ते. जायफळ. साधं जायफळ, पुरणपोळीत जाते ते. घरात बाळ असलं म्हणजे आजी सहाणेवर उगाळून चाटवते, तेच. वास घ्या. — बरं, नका घेऊ. मीच एक घोट पितो तुमच्या कपातला, पाहा. पाहा, बसलो आहे की नाही? झोपलो काय? — ऐकलं? आतून भांडं आपटलं. ती आमची घरवाली, शोभा. एकदा आपटलं म्हणजे पाव्हण्याचा कप उष्टा काहून केला. दोनदा आपटलं की आता तोंड बंद करा.

अहो, मी कॉफीवाला माणूसच नाही मुळात. मी चायचा. पण स्वातीचं नर्सिंग झालं, तुमसरले दवाखान्यात लागली, अन् मोहाडीच्या चौंडेश्वरीपुढे माझ्या तोंडून निघून गेलं, माय, हिच्या डोक्यावर अक्षदा पडेपर्यंत चाय तोंडाले लावणार नाही. मले वाटलं चार-सहा महिन्याचं काम. पोरगी गोरी-सावळी कशीबी असो, नोकरीवाली आहे. जिल्हा तुटला न् गोंदिया वेगळा झाला त्या सालची तिची पैदास, आता हिशोब करा — किती दिवस झाले मी चाय पाहतो अन् गिळतो थुक. तं मंग कॉफी. शोभा म्हणे, देवीले फसवता काय? मी म्हटलं, देवीसमोर चायचं बोललो, कॉफीचं नाव काढलं नाही, देवी काय अडाणी आहे? पण कॉफी म्हणजे आपली कॉफी बरं — दूध आटवलेलं, साखर हात सैल सोडून, या ग्लासातून त्या ग्लासात उंचावरून ओतून फेस आणलेला, अन् वरून जायफळ किसलेलं. शोभाची माय करे तशी. तशी नसली तं मले कॉफी लागत नाही, औषध लागते.

अन् अशात हातमागाचं प्रदर्शन निघालं इटलीत. रेशमाचं. इथून कोसेवाले म्हणून मी गेलो अन् मोहाडीचा बाबूलाल गेला. बाबूलालनं चायपत्ती बांधून घेतली, विजेची किटली घेतली, चिवडा घेतला. मी काय घेऊ? शोभानं जायफळ दिलं कुडत्याच्या खिशात, अन् बोटाएवढी किसणी. म्हणे, दूध-कॉफी तिकडे असनच, एवढं तुमचं तुमी करा. — तिथून सुरू झालं सारं. पहिल्या सकाळी कॉफी मागतली, तं लेकाच्यानं आणली बोंडल्याएवढ्या कपात! बाळाले गुटी पाजते ना, तेवढी. काळी कुट्ट, चिरायत्याचा काढा गोड वाटावा अशी. मी वाट पाहून राहिलो की हे चाखाले दिलं असन, खरी मागून येईन. कोणी आलं नाही. दुसऱ्या दुकानात गेलो. दूध पाहिजे, हे कसं सांगाचं? गाय दोहून दाखवली. दोन्ही हातानं, असं, चुर्र चुर्र आवाज काढून. काउंटरवरची पोरगी मागे सरकली अन् तिनं मालकाले हाक मारली. मालकानं पाहिलं, मान हलवली, अन् चीजचा तुकडा आणून ठेवला. तिसऱ्या दुकानवाल्याले दूध समजलं, पण तो घड्याळाकडे बोट दाखवते अन् नाही म्हणते! दुपार झाली म्हणे, आता दूधवाली कॉफी पीत नसतेत. अरे, दुपार झाली म्हणून गाय आटली काय? बाबूलाल तिकडे फुर्र फुर्र चाय पिऊन राहिला, अन् माझ्याकडे पाहून हसून राहिला. मामाजी, मी त्या गावात सात गल्ल्या पालथ्या — सात नसतील, बऱ्याच — पालथ्या घातल्या एका कप कॉफीसाठी.

मंग एक दुकान भेटलं कोपऱ्यावर. म्हातारी चालवे. तिनं दिली दूधवाली, मोठ्या कपात, वर फेस! माझा जीव हरखला. मी खिशातून जायफळ काढलं, किसणी काढली, अन् खर्र खर्र किसाले लागलो. तं लोकं कपाकडे पाहतेत, माझ्याकडे पाहतेत, भुकटीकडे पाहतेत. कोणीतरी फोन केला. अन् आला जी पोलीस! दारात मावेना असा. टोपीले पिसारा, मिशा अशा, की एकीवर कोंबडा बसावा. जायफळ हातात घेते, हुंगते, दातानं चावते, माझ्याकडे संशयानं पाहते. म्हणते, कोण तू? कुठला? हे काय आहे? बाबूलालले घाम. मी म्हटलं, सायेब, बोलून नाही, करून दाखवतो. काउंटरच्या मागे शिरलो, दूध आटवलं, हात वर नेला अन् डोक्याच्या उंचीवरून ओतली कॉफी खाली, एक थेंब नाही सांडला, लोकाइनं टाळ्या वाजवल्या! पोलिसानं एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याले टोपी काढली. चौथ्याले 'मम्मा' म्हणाला अन् टेबलावर डोकं ठेवून गुडुप. मी खांद्यावरचं कोश्याचं उपरणं त्याच्यावर पांघरलं, बाबूलालनं पंख्यानं वारा घातला, अन् आम्ही हळूच —

हाव. दुसरं भांडं. ऐकलं मीबी.

हीच ती गोठ. मी एवढीच सांगतली होती, पानठेल्यावर. एक पोलीस, एक कप. मोहाडीले पोहोचली तवा पूर्ण ठाणं झोपलं होतं. सिहोऱ्याले गेली तवा ठाणं झोपलेलं पाहून कोठडीतले चोर पळून गेले होते, अन् चाबी मी दिली होती. तुमच्या जवाहरनगरात काय झालं माहीत नाही, पण तुमच्या चेहऱ्यावरून दिसते, की तिथे मी ही भुकटी विकतो. — विकतो ना? तसंच ऐकलं ना? सांगा, सांगा, मान हलवली तरी चालते. म्हणजे बरोबर आहे माझं. अन् तुमचं घर पडलं सरकारी फॅक्टरीतलं, बारूदगोळ्याचं काम, तिथे माणसाच्या सात पिढ्या तपासून घेतेत, अन् तुमी म्हणून राहिले असान मनात, ज्याच्या सासऱ्याले परदेशात पोलिसानं पकडलं तो पोरगा उद्या गेटवर कोणतं तोंड दाखवन?

हसू नका, मले हसू येत नाही. सिहोऱ्याचं स्थळ असंच गेलं. लोकं चांगले, धानवाले, पोरगा मास्तर. पोरगी पाहून गेले, शिरा दोनदा घेतला, जाताना त्या बाईनं स्वातीच्या गालाले हात लावला. अन् मंग चूप. हो नाही, नाही नाही. आम्ही वाट पाहतो आहे, शोभा फोनकडे पाहते आहे. शेवटी एक कापडवाला सांगून गेला, की त्याइच्या इथे तुमच्या पोलिसाची गोठ पोहोचली. स्वाती जेवली, ताट धुतलं, अन् म्हणाली, बाबा, आता कोणी आलं तं तुमी फक्त बसजा. बोलू नका. नुसते बसजा. — पोटची पोरगी सांगते बापाले, नुसतं बसा! अन् तुमी आल्यापासून मी काय करून राहिलो? मागावर हात ठेवून त्याच पोलिसाची शपथ घेतली. दार उघडल्याबरोबर. तुमी विचारलंबी नव्हतं.

म्हणून म्हणतो, ती गोठ खोटी आहे. धरू नका. — काय? आता खोटी म्हणता, मंगाशी खरी म्हणत होते? बरोबर आहे तुमचं. मीबी असतो तं मीबी हेच म्हटलं असतं. फेकणारा माणूस, खरं म्हणते तवाबी फेकते अन् खोटं म्हणते तवाबी फेकते, त्याचं कोणतं धराचं? बाबूलालले विचारतो म्हणता? मोहाडी काय दूर आहे! पण नका विचारू. का, काय लपवून राहिलो म्हणता काय — लपवून नाही राहिलो, भेऊन राहिलो. गोठीत मीच त्याच्या हाती पंखा दिला होता, चांगला दिसावा म्हणून. आता तो गंगाजळ हातात घेऊन सांगते, की वारा त्यानंच घातला. पोलिसाचं नावबी सांगते! मी तं नाव ठेवलंच नव्हतं. त्याले मी परवा म्हटलं, बाबूलाल, असं काही झालं नाही, आपण दोघंबी तिथे होतो. तं माझ्याकडेच संशयानं पाहाले लागला — टेकचंदभाऊ, तुमची तब्येत बरी आहे ना? मामाजी, तुमीच सांगा, ज्या खोट्याले साक्षीदार भेटला, ते खोटं मी आता मारू कसं?

थांबा. उठू नका. उलीसे बसा. शपथ-बिपथ घेत नाही आता, मागाले हातबी लावत नाही.

मोठा हॉल होता तो, प्रदर्शनाचा. धानाच्या गोदामाएवढा, पण काचेचा. आमची जागा एकदम मागे, जिन्याखाली. लोकं जिन्यानं वर जात, जिन्यानं खाली येत. मी मागावर बसून खटक खटक करून राहिलो. इथे माझा माग वाजला की शेजारचा म्हणते, आज टेकचंद उशिरा बसला, आज धागा तुटून राहिला, आज बायकोसंग भांडण झालं वाटते. तिथे पूर्ण दिवस वाजला, कोणी मान वळवली नाही. पुढच्या रांगेत गर्दी, आमच्याकडे जिन्यावरचे बूट. मी कुठे गेलो नाही, मामाजी. गल्ल्या नाही, म्हातारी नाही, गाय दोहली नाही. हॉटेलातून हॉल, हॉलातून हॉटेल, अन् हॉलात एक बटनवाली मशीन. बटन दाबलं की कागदाच्या कपात कॉफी पडे. त्यात मी जायफळ किसत होतो. अन् खरं सांगू, वास आला ना — त्या पूर्ण हॉलात मले ओळखणारं तेवढं एकच होतं. चांगली कॉफी भेटली काय विचारता, तं हाव, भेटली. तीच.

एक चौकीदार होता. निळ्या गणवेशातला, चांगला उंच. घटकाघटकाले समोरून जाई. मी म्हटलं, याले संशय येईन. आपण काळे-सावळे, कुडत्यातले, खिशातून गाठीसारखं काहीतरी काढतो, किसतो, कपात टाकतो — येईनच ना संशय? मुद्दाम मेजावर ठेवलं जायफळ. तो आला की किसाले लागे. मनात जवाब तयार करून ठेवला होता, आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हे आमचं कापड, हा आमचा माग. फक्त विचार लेका, कोण तू म्हणून. शेवटच्या दिवशी तो अगदी माझ्यासमोर थांबला. हाव, थांबला. मी किसणी खाली ठेवली, उभा झालो. तो खाली वाकला, बुटाची नाडी बांधली, अन् गेला.

— आत भांडं वाजत नाही आता. ऐकून राहिली ती. तिलेबी हे सांगतलं नव्हतं.

गावात उतरलो तं पानठेल्यावर ही गर्दी! सारे म्हणतेत, सांगा टेकचंदभाऊ, काय झालं तिकडे, काय म्हणाले लोकं, कोसा पाहून काय म्हणाले? म्हाताऱ्या बाया उभ्या, लेकरं उभे. मी 'काही नाही झालं' सांगाले तोंड उघडलं, अन् तोंडातून पोलीस निघाला. टोपी-मिशासकट. अन् त्यानं सर्वाइच्या समोर मले विचारलं, कोण तू? कुठला? — किती बरं वाटलं मामाजी, तुमाले काय सांगू. आता त्याच पोलिसानं माझी पोरगी घरी बसवली. तुमी आले, पानठेल्यावर विचारलं, गिरणीवर विचारलं, टेकचंद कोण, कसा माणूस आहे. खरं म्हणजे मले राग याले पाहिजे होता. गिरणीवाल्यानं सांगतलं तवा मी आत जाऊन धुतलेलं कुडतं घातलं.

पण स्वातीले यात धरू नका. बाप मीठ लावून सांगते, पोरीले मीठ लावता येत नाही. माझ्या सख्ख्या भावाले तिनं तोंडावर सांगतलं, काका, तुमची साखर वाढली, लाडू खाली ठेवा. तुमी तिले बाप कसा म्हणून विचाराल, तं ती सांगन फेकू आहे. तेच खरं समजा, अन् पोरगी पसंत करा, नाही तं नका करू. पण नाही म्हणाचं असन तं बाप फेकते म्हणून नाही म्हणा. नशेचं सामान विकते म्हणून नाही. अन् काहीबी असो, निरोप धाडजा. सिहोऱ्यावाल्याइसारखे चूप नका राहू, तेवढं एक —

भोंगा ऐकला? तुमसरची बस. उठा, उठा जी, बसलेच काय! ती चौकातून इकडेच येते. तिनं तुमाले इथे पाहिलं की माझ्या तोंडाकडे पाहून समजन की मी नुसता बसलो नव्हतो. इकडून नाही, मागच्या दारानं, गाडी ढकलत न्या, गल्लीत चालू करू नका. अन् जवाहरनगरात कोणी विचारलं तं सांगजा — पोलीस तेवढा टेकचंदच्या तोंडचा, दुकानं अन् म्हातारीबी त्याचीच. कॉफी खरी. बाकी जसं झालं तसं आहे, मतलब, काहीच झालं नाही. जा आता.